मामा, मी आणि बाल्टिमोरचा आचरट म्हातारा

मी युनिफॉर्मच्या युनिटला कामाला आहे, चेकिंग टेबलवर. म्हणजे दिवसभर शाळेचे शर्ट उलटे करायचे, शिवण ओढून बघायची, काजबटन बघायचं, खिसा तिरका बसलाय का, एका बाहीचा निळा दुसऱ्या बाहीच्या निळ्याशी जुळतोय का, धागे लोंबतायत का. चांगला माल डावीकडं, अल्टर मधे, रिजेक्ट उजवीकडं. अकरा वर्षं झाली. आता असं झालंय की लग्नात गेलो तरी आधी नवरदेवाच्या शेरवानीची कॉलर बघतो आणि मग नवरदेव. हे सांगायचं कारण म्हणजे गेल्या महिन्यात मी आणि मामांनी मिळून एका माणसाचा शो बघितला, जो पन्नासेक वर्षं झाली दुनियेनं रिजेक्ट केलेला माल गोळा करून स्टेजवर मांडतोय, आणि लोक तिकीट काढून ऐकायला येतायत.

माणसाचं नाव जॉन वॉटर्स. सिनेमा काढणारा, अमेरिकेतल्या बाल्टिमोर गावचा, जन्म १९४६ चा. मामांना नाव सांगितलं तर पहिलाच प्रश्न, "वॉटर्स? मग हा बी चार दिवसाआड येतो का बे?" सोलापूरकरांना हा जोक समजवायची गरज नाय. बाकीच्यांनी इथल्या एखाद्या नातेवाईकाला फोन करून विचारा, पाणी कधी आलं होतं म्हणून.

मामांबद्दल आधी सांगतो. मामा टॉकीजला मशीनवर होते. ऑपरेटर. कार्बन जाळून सिनेमा दाखवायच्या काळापासून ते टॉकीजला कुलूप लागेपर्यंत. टॉकीजचं नाव लिहीत नाय कारण पुढं जे किस्से येणारेत ते वाचून कोणाला तरी राग यायचा. शिक्षण सातवी, इंग्रजी शून्य, पण सिनेमा म्हणजे मराठी, हिंदी, तेलुगू, कन्नड काहीपण असू दे, दोन मिनिटं बघून सांगतात की हा चालणार का पडणार. आमच्या पूर्व भागात तेलुगू सिनेमा लागला की लाईन कशी लागायची हे सांगायला लागले की मामी टीव्हीचा आवाज वाढवते.

तर शोचं नाव 'धिस फिल्थी वर्ल्ड'. मराठीत म्हणायचं तर 'ही घाणेरडी दुनिया'. वॉटर्स हा शो गावोगाव घेऊन फिरायचा, कॉलेजात, थेटरात, आणि २००६ साली जेफ गार्लिन नावाच्या माणसानं त्याचं शूटिंग करून सिनेमाच केला. दीडेक तासाचा आहे. एक माणूस, एक माईक आणि तोंड. बास. आम्हाला बघायला दोन रात्री लागल्या कारण दर दोन वाक्यांनी थांबवून मी मामांना मराठीत सांगायचो, आणि मामा त्यावर स्वतःचं काहीतरी दहा मिनिटं सांगायचे.

पहिल्या पाच मिनिटांत मामा म्हणले, "ह्यो एकटाच हाय का? बाकीचे कवा येणार?" मी म्हणलो मामा एकटाच आहे, तुम्ही नाय का हुतात्मा थेटरात 'वऱ्हाड निघालंय लंडनला' बघितलं होतं, लक्ष्मण देशपांडे एकटेच. तर म्हणले, "ते एकटे कुठं होते, त्यांच्यात ५२ माणसं होती." बरोबर आहे ते. देशपांड्यांनी एका अंगात ५२ पात्रं उभी केली, हा वॉटर्स एकसुद्धा पात्र करत नाय, आवाज बदलत नाय, नकला करत नाय. तो फक्त जॉन वॉटर्स म्हणून उभा राहतो, बँकेच्या मॅनेजरसारखा शांत चेहरा ठेवून असलं काहीतरी बोलतो की मी भाषांतर करताना मामी आत आहे का बाहेर ते आधी बघायचो.

दिसायला कसा, तर काडीसारखा बारीक आणि वरच्या ओठावर पेन्सिलीनं रेघ मारल्यासारखी मिशी. मारल्यासारखी काय, मारतोच तो, बायकांच्या डोळ्याला लावायच्या पेन्सिलीनं. लिटल रिचर्ड नावाचा गायक होता, त्याच्या मिशीवरून उचललेली. मामांना ही गोष्ट प्रचंड आवडली, त्यांनी लगेच मामीला हाक मारून काजळ मागितलं, मिळालं नाय.

आणि कपडे. इथं माझ्यातला चेकर जागा झाला. हा माणूस बऱ्याचदा कॉम दे गार्सों नावाच्या जपानी कंपनीचे कोट घालतो, रेई कावाकुबो नावाच्या बाईंची कंपनी, आणि त्या कोटांचे फोटो मी मोठे करून करून बघितले. कुठं बाही उलटी जोडलीय असं वाटतं, कुठं कडेचे धागे तसेच सोडलेत, कुठं दोन वेगळे कपडे मधोमध जोडलेत. आमच्याकडं असा पीस आला तर कटिंग मास्टरपासून शिलाईवाल्यापर्यंत सगळ्यांची शाळा भरली असती. पण नीट बघितलं की कळतं, ती चूक नाय. खिसा तिरका आहे पण तिरका बसवताना टाका एकसारखा आहे. अकरा वर्षं मी चुका बघतोय, मला चुकून झालेली चूक आणि मुद्दाम केलेली चूक यातला फरक लांबून कळतो. चुकून झालेल्या चुकीत हात थकलेला दिसतो. मुद्दाम केलेल्या चुकीत हात एकदम ताजा.

वॉटर्सचं म्हणणं पण हेच आहे खरं तर. १९८१ च्या पुस्तकात त्यानं लिहिलंय की वाईट अभिरुची दोन जातीची असते, एक चांगली वाईट आणि एक वाईट वाईट, आणि चांगली वाईट अभिरुची पाहिजे असेल तर आधी तुमची अभिरुची उत्तम पाहिजे. मी हे वाचलं तेव्हा मला माझ्या टेबलावरचा उजवीकडचा ढीग आठवला.

आता या अभिरुचीवरून माझं एक जुनं दुखणं आहे ते सांगूनच टाकतो. कॉलेजला असताना गॅदरिंगमधे मी एकट्यानं एक आयटम बसवला होता. गौळणीतली मावशी असते ना, मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींच्या पुढं कंबरेवर हात ठेवून चालणारी, पुरुषानंच करायची असते ती, तशी मावशी मी केली होती, मामीची इरकल नेसून, आणि ती मावशी मथुरेऐवजी प्लेसमेंटच्या इंटरव्ह्यूला चाललीय असं. पोरं बाकावर चढली होती. चौथ्या मिनिटाला माईक बंद. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर एका सरांनी दोनच शब्द वापरले, हीन अभिरुची. मला तेव्हा त्याचा नीट अर्थपण माहीत नव्हता, घरी येऊन मामांना विचारलं तर म्हणले, "लोक हसले का? हसले ना? मग झालं की बे." पण ते दोन शब्द डोक्यात बसले ते बसलेच. त्यानंतर मी स्टेजवर गेलो नाय. सरळ चेकिंगला आलो, दुसऱ्यांचं हीन शोधायला.

म्हणून डिव्हाईनबद्दल कळलं तेव्हा मी जरा हललो. डिव्हाईन म्हणजे वॉटर्सच्या सिनेमातली हिरॉईन. खरं नाव हॅरिस ग्लेन मिलस्टेड, वॉटर्सचा बाल्टिमोरचा दोस्त, अंगानं भरपूर जाड, आणि मेकअप असा की भुवया कपाळ सोडून टकलापर्यंत गेलेल्या. आपल्याकडं पुरुषानं बाईचं काम करायचं म्हणलं की बालगंधर्व. ते नेसायचे तशी साडी, माळायचे तसा गजरा बायका करायच्या, इतकं देखणं. डिव्हाईन म्हणजे त्याचं बरोबर उलटं टोक. बघून कोणी गजरा माळणार नाय, घाबरून पळेल. पण रुबाब तोच. मावशीचा रुबाब. मी म्हणलो मामा हे बघा, ही आपली गौळणीतली मावशी आहे, फक्त बाल्टिमोरला गेलेली. मामा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणले, "मावशी बरोबर हाय. पर हिच्या म्होरं गवळणी कोण जाणार?"

शोची सुरुवात कशी झाली हे फार भारी आहे. आधी वन मॅन शो वगैरे काही नव्हतं डोक्यात. सिनेमे असे होते की कोण लावणार, पैसे नाहीत, जाहिरात नाही, मग हा स्वतः सिनेमाबरोबर जायचा, आधी स्टेजवर उभा राहून बोलायचा, मग डिव्हाईन यायची आणि प्रेक्षकांवर मेलेले मासे फेकायची. बांगडे. खरेखुरे. मग सिनेमा सुरू. ते बोलणं वाढत वाढत गेलं, मासे बंद झाले, आणि उरला तो हा शो. मामा म्हणले तमाशाचा बोर्ड पण असाच यायचा गावात, आधी एक जण भोंग्यावर बोंबलत फिरायचा, आणि काही काही वेळा तो बोंबलणाराच रात्रीच्या वगापेक्षा भारी असायचा.

बोंबलण्यावरून विल्यम कॅसल. वॉटर्सचा लहानपणापासूनचा देव. कॅसल भुताचे सिनेमे काढायचा आणि सिनेमापेक्षा जास्त डोकं थेटरातल्या नाटकांवर चालवायचा. १९५८ साली एका सिनेमाला तिकीट काढणाऱ्यांचा हजार डॉलरचा विमा, बघताना भीतीनं मेलात तर घरच्यांना पैसे. १९५९ ला एका सिनेमात पडद्यावर सांगाडा आला की थेटरात तारेवरून खराखुरा प्लास्टिकचा सांगाडा लोकांच्या डोक्यावरून सरकायचा. त्याच वर्षी दुसऱ्या सिनेमाला खुर्च्यांखाली मोटरी बसवल्या, पडद्यावर किडा आला की ढुंगणाखाली गरगर.

हे ऐकून मामा ताडकन उठून बसले. म्हणले थांबव ते. आणि मग सुरू झाले. आमच्याकडं एक भुताचा हिंदी सिनेमा लागला होता, पहिल्याच आठवड्यात पडला, तर मालकानं बाहेर पाटी लावली की रात्री शेवटच्या खेळाला थेटरात एकट्यानं बसून पूर्ण सिनेमा बघणाऱ्याला रोख बक्षीस. एक पैलवान आला, आपल्या लष्कर भागातला. गर्दी जमली बाहेर, त्या गर्दीला मालकानं चहा भजी विकले. पैलवान आत बसला. इंटरव्हलनंतर मालकानं मामांना सांगितलं की मधेच आवाज बंद कर. फक्त आवाज. चित्र चालू. मामांनी केलं. म्हणले, "भुताच्या आवाजाला मानूस घाबरत नाय रे, आवाज बंद झाला की घाबरतंय." पैलवान दोन मिनिटांत बाहेर. बक्षीस वाचलं आणि दुसऱ्या दिवशीपासून सिनेमा हाउसफुल. कॅसलचं नाव मामांनी आयुष्यात ऐकलेलं नव्हतं, मालकानंपण नसेल ऐकलं.

आणि वॉटर्स हे नुसतं सांगत नाय, त्यानं स्वतः पण केलं. १९८१ च्या 'पॉलिस्टर' सिनेमाला प्रत्येकाला एक कार्ड दिलं, त्यावर दहा नंबर, पडद्यावर नंबर आला की तो खरवडायचा आणि वास घ्यायचा. ओडोरामा नाव त्याचं. पहिला वास गुलाबाचा, लोक खूश, म्हणून पुढं विश्वासानं खरवडतात तर पादणं, मग पेट्रोल, घाण बूट असलं सगळं. लोकांनी पैसे देऊन, स्वतःच्या नखानं खरवडून, मुद्दाम घाण वास घेतला, यातच त्याला मजा. मामा म्हणले आमच्या टॉकीजला कार्ड लागत नव्हतं, मुतारीच्या बाजूच्या दाराजवळ बसलं की सगळे दहा नंबर फुकट.

मधेच आलं म्हणून सांगतो, आम्हा सोलापूरकरांना या असल्या गोष्टीची सवय आहे. सिद्धेश्वरांची यात्रा, संक्रांतीला, सकाळी नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा, सगळं पांढरंशुभ्र, बाराबंदी घातलेली माणसं, डोळ्यात पाणी येतं बघून. आणि संध्याकाळी त्याच यात्रेचा गड्डा. होम मैदानावर पाळणे, मौत का कुआ, आणि कापडी तंबूत नागकन्या, मुंडकं बाईचं आणि धड सापाचं, भोंग्यावर सांगणार की ही शापानं अशी झालीय. लहानपणी मी तिला विचारलं होतं की तू जेवतेस काय, ती म्हणली पुढं सरक, मागं लोक उभेत. वॉटर्स सोलापुरात जन्मला असता तर सकाळी नाय, संध्याकाळी सापडला असता. तो लहानपणी बाहुल्यांचे खेळ करायचा वाढदिवसांच्या पार्ट्यांत, आणि त्याला ठोकलेल्या गाड्या बघायचा इतका नाद होता की आई त्याला भंगारात घेऊन जायची चेपलेल्या गाड्या दाखवायला. अशी आई पाहिजे. मामी मला इरकल द्यायला तयार झाली होती, तेवढं तरी झालं म्हणायचं.

बाल्टिमोर आणि सोलापूर हे माझं मी जुळवलंय, पण जुळतंय. बाल्टिमोर म्हणजे बंदराचं गाव, कारखान्यांचं गाव, स्टीलचा मोठा कारखाना होता तो २०१२ ला बंद पडला. आपल्या मिला तशा आधीच पडल्या. मुंबईपुण्याकडं बघून जसं आपण म्हणतो आमच्याकडं काय ठेवलंय, तसं बाल्टिमोरवाले न्यूयॉर्ककडं बघून म्हणत असणार. त्यांच्याकडं बोलताना प्रत्येकाला 'हन' म्हणायची पद्धत, आपल्याकडं 'बे'. बाहेरचा माणूस ऐकून हसतो दोन्हीला. आणि वॉटर्सनं काय केलं तर गाव सोडलं नाय. सगळे सिनेमे तिथंच काढले, तिथल्याच दोस्तांना घेऊन, ज्या केशरचनांना आणि ज्या भाषेला लोक हसायचे तेच पडद्यावर मोठं करून लावलं.

आता तो सिनेमा. सांगायला पाहिजे आणि सांगवत पण नाय. 'पिंक फ्लेमिंगोज', १९७२. गोष्ट एवढीच की जगातला सगळ्यात घाणेरडा माणूस कोण यावरून दोन घरांची स्पर्धा. दहाबारा हजार डॉलरात काढला. वडलांकडून उसने घेतलेल्या पैशावर सुरुवातीचे सिनेमे काढले आणि ते पैसे फेडले पण, आणि आईवडलांनी तो सिनेमा कधी बघितला नाय. त्याच्या शेवटी डिव्हाईन रस्त्यावर एक गोष्ट खाते, कुत्र्याची, एवढंच लिहितो, आणि त्यात कट नाही, ट्रिक नाही. हे मी मामांना सांगितलं तेव्हा मामी नेमकी शेंगा चटणी आणि कडक भाकरी घेऊन आली. मामांनी ताट बाजूला सरकवलं. पाच मिनिटांनी परत ओढून घेतलं आणि म्हणले, "खरं खाल्लं?" खरं. "एकाच शॉटमधे?" एकाच. "मग ॲक्टर हाय." एवढंच. खाल्ली भाकरी.

मला विचाराल तर मी तो सिनेमा अर्धाच बघू शकलो. ओंगळ आहे, मुद्दाम ओंगळ. पण आपल्याकडं तर बीभत्स हा नऊ रसांतला एक रस म्हणून शास्त्रात बसवून ठेवलाय, किळस हा त्याचा स्थायीभाव, आणि तरी आपण किळसेला स्टेजवर बसायला खुर्ची देत नाय, हे मला त्या रात्री पहिल्यांदा विचित्र वाटलं. आणि २०२१ मधे अमेरिकेनं हाच सिनेमा देशाचा ठेवा म्हणून नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत घेतला. म्हणजे सरकारी. बाल्टिमोर ज्यात येतं त्या मेरीलँड राज्याच्या ज्या सेन्सॉर बोर्डानं वॉटर्सला वर्षानुवर्षं छळलं, देशातलं शेवटचं राज्य सेन्सॉर बोर्ड ते, १९८१ पर्यंत होतं, त्या बोर्डावरच्या मेरी अवारा बाईंवर हा आयुष्यभर किस्से सांगून पैसे कमवत आला.

सेन्सॉर म्हणल्यावर मामांचे दादा कोंडके आले, येणारच होते. मामांच्या मते या विषयात दादांच्या पुढं कोणी नाय, आणि नऊ सिनेमे ओळीनं सिल्व्हर ज्युबिली केलेल्या माणसाला अमेरिकेहून शिकायची गरज नाय. दोघांत साम्य आहेच. लोंबणाऱ्या नाडीची चड्डी घालून बाळासारखा चेहरा करून दादा बोलणार, आणि हा सुटाबुटात प्रोफेसरसारखा चेहरा करून, घाण जी काय आहे ती ऐकणाऱ्याच्या डोक्यात. दादा म्हणायला मोकळे, मी तर साधं बोललो. फरक मला वाटतो तो असा की दादा शब्दाआड लपतात, वॉटर्स लपतच नाय, तो सरळ नाव घेऊन सांगतो. मामा म्हणले, "मग त्यात मजा काय?" यावर आमचं भांडण झालं आणि पहिली रात्र तिथंच संपली.

दुसऱ्या रात्री शो जरा खाली बसला, हे पण खरं सांगितलं पाहिजे. मधे मधे तो नुसती यादी करत सुटतो, लोकांच्या कसल्या कसल्या विकृत आवडी, एकानंतर एक, आणि तिसऱ्याचौथ्यानंतर धक्का बसत नाय, जांभई येते. खुनी, खटले, कोर्ट याचं त्याला भारी वेड, त्यातले निम्मे संदर्भ अमेरिकन वर्तमानपत्रं वाचल्याशिवाय कळत नायत, मी भाषांतर काय करणार. आणि मला ते आवडतपण नाय. पण याच माणसानं पुढं २०१० च्या पुस्तकात कबूल केलं की तरुणपणी मॅन्सन टोळीच्या खुनांवर आपण चेष्टा केली ती मेलेल्यांच्या घरच्यांचा विचार न करता केली. म्हणजे स्वतःचा माल स्वतःच चेक करून उजवीकडं टाकला. आमच्या लाईनमधे मी अजून एकपण शिलाईवाला असा बघितला नाय जो स्वतःहून पीस परत आणून देईल.

आणि शोमधे तो हसतो कोणाला हे बघत होतो मी मुद्दाम, कारण मला माझा बंद झालेला माईक आठवत होता. जाड माणूस, वेडा माणूस, गरीब, बाईसारखा पुरुष, कोणाला हसतच नाय तो. तो त्यांच्या बाजूनं उभा राहून बाकीच्यांना हसतो. १९८८ चा 'हेअरस्प्रे' त्याचा सगळ्यात साधा सिनेमा, घरच्यांबरोबर बघण्यासारखा, त्यात हिरॉईन जाडी पोरगी आणि तिची आई डिव्हाईन. बाल्टिमोरमधे खरंच टीव्हीवर पोरांच्या नाचाचा एक कार्यक्रम होता, त्यात काळ्या पोरांना वेगळे ठरावीक दिवस, गोऱ्यांबरोबर नाचायचं नाय. काळेगोरे एकत्र नाचवायचा प्रश्न आला तेव्हा १९६४ ला कार्यक्रमच बंद केला. वॉटर्सनं सिनेमात ती पोरं एकत्र नाचवली, खऱ्यात जमलं नाय ते. सिनेमा लागला आणि काही आठवड्यांत मार्च ८८ ला डिव्हाईन गेली, म्हणजे गेला. ४२ वय. पुढं त्याच गोष्टीचं ब्रॉडवेवर संगीत नाटक झालं, नाटकांसाठीचे आठ टोनी पुरस्कार मिळाले, आणि आईचं काम तिथं पण पुरुषच करतो, प्रथाच पडली. मावशीसारखी.

डिव्हाईन वारल्याचं सांगितल्यावर मामा काही बोलले नाहीत. नंतर म्हणले, "मावशीचं काम करनारे लवकर जातात. दोन बघितलेत मी."

वातावरण जरा जड झालं म्हणून मी त्यांना संडासाची गोष्ट सांगितली. वॉटर्सनं स्वतःचा चित्रांचा सगळा संग्रह बाल्टिमोरच्या म्युझियमला देऊन टाकायचं ठरवलं. मोठी देणगी. आता म्युझियमवाले म्हणणार तुमचं नाव एखाद्या दालनाला देऊ. हा म्हणला माझं नाव संडासांना द्या. दिलं. खरंच पाटी आहे. मामा इतके हसले की ठसका लागला, मामी पाणी घेऊन धावली. "आपल्याकडं लोक नावासाठी चौक मागतात," मामा म्हणले, "पुतळा मागतात, आनि ह्यो संडास मागतोय! आनि देणारे देतात!" मग एकदम गंभीर होऊन, "पर डोकं बघ. चौकातनं मानूस निघून जातंय. संडासात बसतंय."

म्हातारा अजून फिरतोय, वय ऐंशीच्या घरात. दर डिसेंबरला नाताळाचा वेगळा शो घेऊन शहरामागून शहर, आणि दरवर्षी नवं लिहितो. मामांना हे पटेना. या वयात रोज वेगळ्या गावी, वेगळ्या गादीवर झोप? मी म्हणलो मामा, हा माणूस साठी उलटल्यावर रस्त्यावर अंगठा दाखवून लिफ्ट मागत बाल्टिमोरहून सॅन फ्रान्सिस्कोला गेलेला आहे. मामा म्हणले, "येस्टी नव्हती काय?"

शो संपला तेव्हा साडेअकरा वाजले होते. लॅपटॉप बंद केला, मला वाटलं मामा झोपायला जातील. तर उठून खिडकीपाशी गेले, परत आले, आणि उभ्या उभ्याच सुरू झाले, एक हात टॉवेलवर, आपला नेहमीचा मोराचा सोलापुरी टॉवेल खांद्यावर. एकदा म्हणे रिळांचे डबे बदलले. पिक्चरचं शेवटचं रीळ इंटरव्हलनंतर लगेच लागलं. हिरो मेला. सरणावर ठेवला. आई रडली. आणि पुढच्या रिळात हिरो बागेत हिरॉईनच्या मागं गाणं म्हणत पळतोय. मामांना मशीनवर घाम फुटला, आता खुर्च्या मोडणार. तर खाली शिट्ट्या. लोक उभे राहिले. "जिता हुआ बे!" म्हणून कोणीतरी ओरडला आणि पैसे उडाले पडद्यावर. दुसऱ्या दिवशी चार पोरं खिडकीवर येऊन विचारायला लागली, कालच्यावानी उलटा लावणार असाल तर तिकीट द्या, सरळ असेल तर नको.

हे सांगताना मामा सरणावर आडवे झाले, आई झाले, पळणारा हिरो झाले, ओरडणारा झाले, खिडकीवरची चारही पोरं झाले. मी मोबाईल काढला शूट करायला आणि तसाच हातात धरून बसलो, बटन दाबायचं राहून गेलं.

आतून मामी ओरडली, "बास करा आता, शेजारी ऐकतील!"

"ऐकू दे की," मामा म्हणले, "तिकीट कुठं लावलंय."